महदवी पंथ आणि निजामशाहीतील सत्तांतर (१५८९–१५९१) : साधनांची एक चिकित्सा

इस्लामच्या पहिल्या तीन शतकांतील धर्मपंथ आणि राजवंशविरोधी उठाव हा विषय आमच्याकडील पदव्युत्तर वर्गात शिकविताना एक अडचण नेहमी जाणवते. कूफा, मर्व, कैरवान ही नावे चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला केवळ पाठ करण्यापुरती राहतात. अब्बासी क्रांती ७५० साली झाली, एवढे उत्तरपत्रिकेत येते. पण एखादा धर्मविचार राजकुल उलथून टाकण्याइतका समर्थ कसा होतो, आणि तो तसा झाला असे आपण कशाच्या आधारे म्हणतो, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. हाच प्रश्न महाराष्ट्राच्या भूमीवर, विदर्भाच्या सीमेपर्यंत येऊन भिडलेला आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. अहमदनगरच्या निजामशाहीत १५८९ ते १५९१ या दोन वर्षांत महदवी पंथाच्या एका सरदाराने राज्य चालविले, राजाच्या नावाने महदवी मत हा दरबाराचा धर्म ठरविला आणि अखेर वऱ्हाडातील रोहणखेडच्या रणांगणावर प्राण दिला. प्रस्तुत लेखात या प्रकरणाचा इतिहास नव्याने सांगण्याचा हेतू नाही. ज्या साधनांवरून तो सांगितला जातो त्यांची पारख करणे, एवढाच उद्देश आहे. त्या ओघात चांद्याच्या १८५८ च्या उठावाविषयीही चार शब्द लिहावे लागतील; ते का, हे पुढे स्पष्ट होईल.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात पाहू. १५८८ साली मुर्तजा निजामशाहाचा त्याच्याच पुत्राने, मीरान हुसेनाने, वध करविला. पितृघातकी राजाचे राज्य सुमारे दहा महिने टिकले. त्याचा पेशवा मिर्झाखान हा परदेशी, म्हणजे इराणकडून आलेल्या अमीरांच्या गटातला. आपल्या जिवास धोका आहे असे दिसताच त्याने राजास कैदेत टाकले आणि लोहगडावर अटकेत असलेल्या इस्माईल या अल्पवयी राजपुत्रास आणून गादीवर बसविण्याचा घाट घातला. हा इस्माईल मुर्तजाचा भाऊ बुऱ्हाण याचा मुलगा. बुऱ्हाण त्या वेळी अकबराच्या आश्रयास होता. मिर्झाखानाचा बेत कळताच जमालखान नावाचा दख्खनी सरदार दख्खनी व हबशी सैनिकांसह किल्ल्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याने राजाचे दर्शन मागितले. आतून उत्तर म्हणून मीरान हुसेनाचे शिर बाहेर दाखविण्यात आले. मग दरवाजा जाळला गेला, किल्ला पडला आणि शहरात परदेशीयांची कत्तल सुरू झाली. मिर्झाखान जुन्नरकडे पळाला. तेथे पकडला जाऊन मारला गेला. इस्माईलला मात्र जमालखानाने गादीवरून काढले नाही. त्याच्याच नावाने तो राज्य करू लागला. बारा इमामांच्या नावाचा खुतबा त्याने बंद केला आणि बालराजास महदवी मताची दीक्षा दिली.

पुढे वऱ्हाडातून चालून आलेल्या सलाबतखानाचा त्याने पैठणजवळ पराभव केला. विजापूरच्या सैन्याशी एकदा तह करून आणि दुसऱ्या वेळी धाराशिवजवळ लढून तो निभावला. परंतु अकबराच्या अनुज्ञेने आणि खानदेशच्या राजा अलीखानाच्या मदतीने बुऱ्हाण जेव्हा दुसऱ्यांदा वऱ्हाडात उतरला, तेव्हा तिकडील बहुतेक सरदार त्यास जाऊन मिळाले. मे १५९१ मध्ये रोहणखेड येथे जमालखान गोळी लागून पडला. बुऱ्हाणाने पुत्रास अटकेत टाकून गादी घेतली, शिया खुतबा पुन्हा सुरू केला आणि महदवींचा छळ आरंभिला.

हा सर्व वृत्तांत आपणांस मुख्यतः दोन ग्रंथांतून मिळतो : मुहंमद कासिम फरिश्ता याचा 'गुलशने इब्राहिमी' आणि सय्यद अली तबातबा याचा 'बुऱ्हाने मआसिर'. इंग्रजी ग्रंथांतून व त्यांवर आधारलेल्या मराठी पाठ्यपुस्तकांतून जे लिहिले जाते त्याचे मूळ शोधीत गेल्यास वाट बहुधा या दोघांपाशी, आणि त्यातही ब्रिग्जच्या १८२९ च्या फरिश्ता-भाषांतरापाशी, येऊन थांबते. आता हे दोन साक्षीदार कोण होते ते पाहावे.

फरिश्ता जन्माने अस्तराबादचा. त्याचा पिता राजपुत्र मीरान हुसेनास फार्सी शिकविण्यासाठी अहमदनगरास आला होता, म्हणून राजपुत्र व लेखक हे बालपणीचे सहाध्यायी. मुर्तजाच्या अखेरच्या दिवसांत फरिश्ता त्याच्या पहाऱ्यावर होता. राजपुत्राची माणसे आत घुसली तेव्हा राजपुत्राने त्यास ओळखले आणि त्याचा जीव वाचविला, असे तो स्वतःच नमूद करतो. पुढे ज्या परदेशी वर्गाची जमालखानाच्या माणसांनी कत्तल केली, त्याच वर्गातला तो एक. १५८९ च्या डिसेंबरात त्याने नगर सोडले आणि विजापुरास जाऊन इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने ग्रंथ लिहिला. म्हणजे तो शहरात हजर असलेला साक्षीदार खरा, पण मारेकऱ्यांच्या तावडीतून सुटलेला साक्षीदार. सात दिवसांत सुमारे हजार परदेशी मारले गेले, हा त्याचा आकडा वाचताना ही गोष्ट विसरता कामा नये. आकडा खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे सोबती डोळ्यांदेखत मारले गेले त्याने प्रेते मोजलेली नसतात, एवढेच म्हणणे आहे.

तबातबाची गोष्ट निराळी. तोही बाहेरून आलेला, पण त्याचा धनी स्वतः बुऱ्हाण. रोहणखेडच्या विजेत्याच्या पदरी राहून, त्याच्याच नावाने ग्रंथ रचणाऱ्या लेखकाकडून पराभूत जमालखानाविषयी न्यायाची अपेक्षा करणे व्यर्थ. राजस्तुती हा त्याच्या लेखनाचा धर्मच आहे. त्याच्या वृत्तांतात जमालखानाचे राज्य हे एक ग्रहण. बुऱ्हाणाच्या उदयाने ते सुटते. अशा लेखनाचा उपयोग तारखा, नावे, मुक्काम यांसाठी करावा. हेतूंसाठी करू नये.

मग एकाच घटनेचे दोनही साक्षीदार एका बाजूचे असतील तर इतिहासकाराने काय करावे? हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांना नवा वाटला तरी इस्लामच्या आरंभीच्या इतिहासाच्या अभ्यासकांना तो फार जुना आहे. उमय्यांचा इतिहास आपणांस बव्हंशी अब्बासी काळात लिहिलेल्या ग्रंथांतूनच कळतो. ज्यांनी गादी घेतली त्यांच्याच राज्यात, त्यांच्याच राजधानीत, पदच्युत घराण्याच्या कथा संकलित झाल्या. यामुळे अब्बासी क्रांतीचे स्वरूप काय यासंबंधी गेल्या सव्वाशे वर्षांत विद्वानांत केवढा मतभेद झाला ते पाहण्यासारखे आहे. वेलहाउझेनने १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अरब सत्तेचा ऱ्हास आणि खुरासानातील इराणी मवाली वर्गाचा उदय यांवर भर दिला. शाबान याने १९७० साली हे चित्र उलटविले. मर्वच्या परिसरात वसलेले आणि तेथील समाजात मिसळून गेलेले अरबच या उठावाचे खरे बळ, असे त्याचे प्रतिपादन. एकाने वंशाकडे पाहिले, दुसऱ्याने वसाहतीकडे. प्रचारकांची संघटना, त्यांची गुप्तता, त्यांचे घोषवाक्य यांना स्वतंत्र महत्त्व द्यावयाचे की नाही, हा प्रश्न दोघांच्याही नंतर शिल्लक राहिलाच.

हे घोषवाक्य मोठे मार्मिक आहे. 'मुहंमदाच्या कुळातील सर्वमान्य पुरुषा'साठी लढा, असे अब्बासी प्रचारक सांगत. पुरुषाचे नाव सांगत नसत. अबू मुस्लिमाने ७४७ साली मर्वजवळ काळी निशाणे उभारली तेव्हाही नाव गुप्तच होते. अलीच्या वंशजांवर निष्ठा असलेल्यांना वाटे, नाव आपल्या इमामाचे निघेल. इतरांना आणखी काही वाटे. नाव प्रकट झाले ते ७४९ साली कूफ्यात, अबुल अब्बास सफ्फाहाचे. पुढील वर्षी झाब नदीवर उमय्यांचा निर्णायक पराभव झाला. ७५५ साली अबू मुस्लिमास खलीफा मन्सूराने दरबारात बोलावून ठार केले आणि ७६२ साली मदीनेत अलीवंशीय नफ्सुज्झकिया उठला तेव्हा त्याचाही बीमोड झाला. ज्या आशेवर लोक उठले होते ती आशा सत्तेवर आलेल्या घराण्याला आता अडचणीची झाली होती. मन्सूराने आपल्या पुत्रास 'महदी' हे बिरुद दिले ते याच गरजेपोटी असावे. महदी यावयाचा आहे असे म्हणणाऱ्यांना उत्तर हेच की तो आला आहे, आणि तो युवराज आहे!

त्याआधी ६८५ साली कूफ्यात मुख्तार उठला तो अलीपुत्र मुहंमद इब्नुल हनफिया याच्या नावाने. हा 'महदी' स्वतः रणात कधी उतरला नाही. मुख्तार ६८७ त मारला गेला. पण इब्नुल हनफिया मरण पावला तेव्हा तो मेलाच नाही, रदवा पर्वतात गुप्त आहे, अशी श्रद्धा त्याच्या अनुयायांपैकी काहींत पसरली. पश्चिमेकडे ९०९ साली अबू अब्दुल्ला या प्रचारकाने उत्तर आफ्रिकेतील कुतामा टोळ्यांच्या बळावर अघलबी राज्य जिंकले आणि ते अब्दुल्ला महदी या फातिमी इमामाच्या हवाली केले. दोनच वर्षांनी, ९११ त, त्या महदीनेच त्याचा वध करविला. अबू मुस्लिमाची गोष्ट पुन्हा घडली म्हणावयाची.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. धर्मप्रचाराला एक राजपुरुष हवा होता आणि तो त्याला मिळाला : कधी दूर राहणारा, कधी अनामिक, कधी प्रत्यक्ष. धार्मिक अपेक्षा आणि राजवंशाचा दावा हे दोन धागे त्या पुरुषाच्या ठायी एकत्र वळले गेले होते. आता याच कसोटीवर अहमदनगरचे प्रकरण घासून पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण तत्काळ दिसते.

महदवी पंथाचे प्रवर्तक सय्यद मुहंमद जौनपुरी. १४४३ साली त्यांचा जन्म झाला. मक्केस आणि नंतर गुजरातेत त्यांनी आपण महदी असल्याचे घोषित केले, आणि १५०५ साली फराह येथे ते निवर्तले. म्हणजे महदवींच्या श्रद्धेप्रमाणे महदी येऊन गेला. तो पर्वतात लपलेला नाही, परत यावयाचा नाही आणि त्याने कोणाची गादी मागितली नाही. त्याची शिकवण संसारत्यागाची, ईश्वरावर भार टाकून राहण्याची, अखंड नामस्मरणाची. आणि अनुयायांनी 'दायरा' नावाच्या वस्तीत एकत्र राहून आलेले दान समान वाटून घ्यावे अशी रीत. आपल्याकडील मठ, पंथ आणि फड यांची ओळख असलेल्या वाचकास हे अगदीच अपरिचित वाटणार नाही; महानुभावांचा संन्यासाग्रह येथे कोणास आठवला तर नवल नाही. साम्य वरवरचे असले तरी समजण्यास उपयोगी आहे.

अशा पंथाच्या ठिकाणी राज्य उलथून टाकण्याची प्रेरणा कोठून यावी? दायऱ्याचे जे वर्णन बदायुनीने केले आहे ते येथे फार मोलाचे आहे. बदायुनी कट्टर सुन्नी आणि अकबराच्या धर्मप्रयोगांचा कडवा टीकाकार. तरीही बयाना येथील महदवी साधू शेख अलाई याच्याविषयी तो आदराने लिहितो. कारागीर आपली कमाई करीत आणि दशांश समाजाला देत. शस्त्रे जवळ बाळगीत. गल्लीबोळांत कोणी दुष्कर्म करताना दिसल्यास आधी समजावीत, मग बळाने रोखीत. शेख अलाईस इस्लामशाह सूराच्या अमलात १५५० साली चाबकाचे फटके खाऊन मृत्यू आला. परमताच्या साक्षीदाराने दिलेली ही अनुकूल साक्ष आहे आणि म्हणून फरिश्ता व तबातबा यांच्यापेक्षा तिचे वजन, निदान पंथाच्या अंतरंगापुरते, अधिक मानावे लागते. तीतून दिसते ते असे : महदवी समाज शिस्तबद्ध होता, सशस्त्र होता, परस्परांसाठी मरावयास तयार होता. परंतु त्याचे शस्त्र गल्लीतल्या अनाचाराविरुद्ध होते. कोणाला सुलतान करावे याविषयी त्यांची काही शिकवण बदायुनीने नोंदविलेली नाही.

आता फरिश्ताकडे परत येऊ आणि किल्ल्याच्या दारातील प्रसंग पुन्हा वाचू. एक लहानशी पण निर्णायक गोष्ट तेथे आहे आणि ती आजवरच्या विवेचनांत पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही. जमाव कोणती मागणी करतो? राजास दाखवा. जमालखान लोकांना काय सांगतो? राजास परदेशीयांनी मारले. आता आपण गप्प राहिलो तर हे राज्य आणि आपली बायकामुले त्यांच्या हाती जातील. महदी, दायरा, खुतबा यांपैकी एकही शब्द या प्रसंगात नाही. महदवी मताचा उल्लेख येतो तो सत्ता हाती आल्यानंतर. जो लेखक महदवींचा शत्रू आहे, ज्याला त्यांच्यावर धर्मवेडाचा आरोप ठेवणे सोयीचे होते, तोच लेखक मूळ उठावाचे कारण सांगताना धर्माचे नाव घेत नाही. शत्रूच्या लेखणीतून आलेली ही अनुपस्थिती प्रमाण मानण्यास हरकत नसावी.

यावरून कोणी म्हणेल की मग हे प्रकरण म्हणजे दख्खनी आणि परदेशी यांच्या जुन्या वैराचा आणखी एक भडका, आणि धर्म हा केवळ वरचा मुलामा. बहमनी काळापासून चालत आलेल्या या दुहीचे स्पष्टीकरण इतके सोयीचे आहे की दख्खनच्या इतिहासातील कोणतीही अडचण त्यात बसविता येते. आम्हांस तेही मान्य करता येत नाही. मुलामा चढवावयाचा असता तर सुन्नी मताचा चढविता आला असता. दख्खनी व हबशी सैनिकांत सुन्नींचा भरणा होता. शिया परदेशीयांविरुद्ध ते नाव अधिक लोक जमविणारे ठरले असते. उलट महदवी मताला शियांचा विरोध होताच, पण सुन्नी उलेमांचाही तितकाच तीव्र विरोध होता. गुजरातेत सय्यद खुंदमीर १५२४ साली मारले गेले ते सुन्नी सत्तेकडूनच. निव्वळ हिशेबी माणसाने असे दोन्हीकडून अडचणीचे मत राजधर्म म्हणून निवडले नसते. जमालखानाने ते निवडले, कारण ते त्याचे स्वतःचे मत होते, असे सरळ म्हणावे हे उत्तम. इतिहासलेखनात माणसाची श्रद्धा हे कारण म्हणून मांडण्यास आपण अलीकडे उगाच लाजतो.

तरीही श्रद्धेने उठाव झाला नाही. उठावाने श्रद्धेला गादीजवळ नेले. या क्रमाचा परिणाम फार दूरवर झाला. अबू मुस्लिमाच्या मागे खुरासानात कित्येक वर्षे चाललेला प्रचार होता. जमालखानास सत्ता मिळाल्यावर अनुयायी गोळा करावे लागले. नगरास महदवींचे राज्य झाले हे ऐकून ठिकठिकाणचे महदवी तिकडे लोटले, असे फरिश्ता सांगतो, ते याच दृष्टीने वाचावे. आणि दुसरे, अधिक गंभीर असे वैगुण्य राजवंशाच्या बाजूचे. महदवी पंथाचा महदी मृत असल्यामुळे त्यास गादीवर बसविण्यासाठी स्वतःचा असा पुरुष नव्हता. म्हणून जमालखानास निजामशाही घराण्यातील मुलाचाच आधार घ्यावा लागला, आणि तो मुलगा होता इस्माईल, ज्याचा बाप जिवंत होता! बाप जिवंत असता मुलाच्या गादीचा दावा कितपत टिकावा? अब्बासींनी नाव लपवून जो धोका टाळला होता तोच धोका येथे पहिल्या दिवसापासून उघडा पडलेला होता. बुऱ्हाण वऱ्हाडात येताच तेथील सरदारांनी कोणाचा पक्ष घ्यावा हे धर्माने ठरले नाही. ज्येष्ठतेच्या सरळ न्यायाने आणि अकबर व राजा अलीखान यांच्या भीतीने ठरले. ज्यांचा जमालखानास अखेरपर्यंत भरवसा होता ते त्याचे पंथबांधव. पण पंथबांधवांच्या बळावर घाटातली एक लढाई लढता येते, राज्य राखता येत नाही.

खुतब्याच्या बाबतीत एक गोष्ट येथे नोंदवून ठेवू. बुऱ्हाण पहिला याने शाह ताहिराच्या प्रभावाखाली १५३७ साली शिया मत स्वीकारले. १५८९ त ते गेले. १५९१ त परत आले. चौपन्न वर्षांत राजधानीतील मिंबरावरची नावे तीनदा बदलली. पण खेड्यांतील कुणब्यास, पाटलास, देशमुखास या बदलांचा स्पर्श झाला असे मानण्यास आधार नाही. महसूल त्याच हातांनी त्याच रीतीने गोळा होत राहिला. मर्वच्या खेड्यांत अबू मुस्लिमाच्या हाकेने जी हालचाल झाली तिच्याशी तुलना करता हे अंतर केवढे आहे! या एका कारणानेही नगरच्या घटनेस 'क्रांती' म्हणणे आम्हांस अवघड वाटते. सत्तांतर हा शब्द पुरेसा आहे.

आता रोहणखेडविषयी. जमालखान जेथे पडला त्या बुलढाणा जिल्ह्यातील गावी एक जुनी मशीद आहे. ती १५८२ साली खुदावंदखान महदवी या वऱ्हाडातील सरदाराने बांधली. त्याचेच दुसरे बांधकाम त्याच भागात साखरखेर्डा येथे आहे. म्हणजे जमालखानाच्या उठावापूर्वी सात वर्षे, शिया राजा मुर्तजाच्या अमलात, एक महदवी सरदार वऱ्हाडात उघडपणे मशीद उभारीत होता. त्यास बंड करावे लागले नाही, लपावे लागले नाही. महदवी पंथ आणि बंडखोरी यांचा स्वभावतःच संबंध आहे अशी जी समजूत फरिश्ता व तबातबा यांच्या वाचनाने होते, तिला या दगडी साक्षीने चांगलाच तडा जातो. ग्रंथ दोन आहेत आणि दोन्ही विरोधी आहेत. परंतु इमारत कोणाच्या पदरी नसते. आमच्या मते या प्रकरणाच्या पुढील अभ्यासाची दिशा दरबारी ग्रंथांकडून वऱ्हाडातील अशा वास्तूंकडे आणि महदवी समाजाने स्वतः जतन केलेल्या चरित्रग्रंथांकडे वळली पाहिजे. हा समाज हैदराबाद, पालनपूर इत्यादी ठिकाणी आजही नांदत आहे. त्याच्या पूर्वजांविषयी 'धर्मवेडे' हा शब्द पाठ्यपुस्तकांत सर्रास छापला जातो, तो केवळ दोन शत्रूंच्या साक्षीवर, हे निदान अध्यापकांना ठाऊक असावे.

येथवर आल्यावर चांद्याचा प्रश्न आपोआप उभा राहतो. ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत त्या काळी चांद्याचे गोंड राज्य निजामशाही वऱ्हाडाच्या पूर्वेस लागूनच होते. अबुल फझलच्या 'आइने अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात माणिकदुर्ग येतो, चांद्याच्या गोंड राजाचे सैन्य येते, वैरागडची हिऱ्यांची खाण येते. जमालखानाच्या धामधुमीचे पडसाद वर्धा नदीच्या अलीकडे उमटले काय, याविषयी तर्क करण्यात अर्थ नाही. साधनचिकित्सेच्या दृष्टीने मात्र चांद्याची आणि नगरची अवस्था एकच आहे.

१८५८ साली अहेरी जमीनदारीच्या परिसरात मोलमपल्लीचा बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचा व्यंकटराव यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेच्या काठी तारखात्याच्या तळावर हल्ला होऊन गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या हस्ते बाबूराव पकडला गेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्यास फाशी देण्यात आली. व्यंकटराव बस्तरकडे निसटला. तो १८६० साली सापडला आणि जन्मठेपेवर गेला. हा वृत्तांत ज्या साधनातून पुढे सर्वत्र गेला ते म्हणजे ल्यूसी स्मिथचा १८६९ चा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल. उठाव मोडणाऱ्या सरकारचाच एक अधिकारी, उठावानंतर अकरा वर्षांनी, जमीनमहसुलाच्या प्रयोजनाने लिहितो. तबातबा आणि ल्यूसी स्मिथ यांच्यात भाषेचे, काळाचे, मनोवृत्तीचे अंतर फार आहे. आसन मात्र एकच. दोघेही विजेत्याच्या कचेरीत बसून लिहीत आहेत.

दुसऱ्या बाजूस लोकस्मृती आहे. बाबूरावास जंगलातील एका वनस्पतीच्या सेवनाने अमानुष बळ आले होते, फाशीचा दोर तुटला, अशा कथा या भागात आजही सांगितल्या जातात. तुरुंगाच्या आवारातील पिंपळाखाली २१ ऑक्टोबरला लोक जमतात. त्याच्या सेनेचे 'जंगोम' हे नाव गोंडी परंपरेतील जंगो रायताड या पूज्य व्यक्तिरेखेशी जोडले जाते आणि त्यावरून हा उठाव मुळातच धर्मप्रेरित होता, असे प्रतिपादन प्रबंधिकांतून येऊ लागले आहे. एका विद्यार्थ्याने चर्चासत्रात विचारले होते की, अबू मुस्लिमाची काळी निशाणे जर धर्माची, तर बाबूरावाची सेना धर्माची का नाही? प्रश्न मुळीच पोरकट नव्हता. त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते, म्हणून ते येथे पुरे करीत आहे.

खुरासानात पावित्र्य आधी आले, उठाव नंतर. प्रचारक आले, आशा रुजली, मग निशाणे निघाली. आणि तसा पुरावा पूर्वकालीन पंथभेदांच्या कथनांतून मिळतो. नगरास पावित्र्य आणि सत्ता ही जवळजवळ एकाच दिवशी भेटली. चांद्यास, उपलब्ध साधनांच्या क्रमाप्रमाणे पाहता, उठाव आधी आला आणि पावित्र्य फाशीनंतर आले. उठावाचे नेते जंगलातील जमीनदार होते. १७५१ साली रघूजी भोसल्यांनी नीलकंठशाहास पदच्युत केल्यापासून चांद्याची गोंड गादी रिकामीच होती, आणि त्या गादीवर कोणास बसवावयाचे याविषयीचे घोषवाक्य या उठावाच्या वृत्तांतात ऐकू येत नाही. तेव्हा 'जंगोम' या नावावर इमारत रचण्यापूर्वी संशोधकाने पहिली गोष्ट ही करावी की, ते नाव लेखी साधनांत प्रथम कोणत्या वर्षी, कोणाच्या लेखणीतून येते ते तपासावे. १८५८ च्या कागदांत ते सापडले तर विद्यार्थ्याचे म्हणणे मोठ्या प्रमाणात मान्य करावे लागेल. विसाव्या शतकात प्रथम येत असेल तर तो बाबूरावाच्या सेनेचा पुरावा नव्हे. बाबूरावाची आठवण जपणाऱ्या पिढ्यांचा पुरावा आहे, आणि त्या दृष्टीने तो तितकाच अभ्यसनीय आहे. इब्नुल हनफिया रदवा पर्वतात नव्हता. पण तो तेथे आहे असे मानणारी माणसे खरी होती, आणि त्यांचा इतिहास लिहावाच लागतो.

या कामासाठी नागपूरच्या अभिलेखागारातील कमिशनर-कचेरीची कागदपत्रे, अहेरी-घोट भागातील गोंडी व माडिया गीतांचे संकलन आणि जमीनदारी घराण्यांतील खासगी दप्तरे या तीन ठिकाणी एकाच वेळी हात घालावा लागेल. यांपैकी गीतांचे काम सर्वांत निकडीचे आहे. ती गाणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत, आणि गोंडी जाणणारे विद्यार्थी आमच्या वर्गात बसलेले आहेत.